मावशींच्या अर्जातले दोन बैल

आधी चाचांचं सांगते, मग काय झालं ते. उलटं सांगितलं तर चाचा शेवटी येतील आणि तोवर वाचणारा उठून जाईल, अशी मला भीती वाटते.

चाचा म्हणजे अमरावतीला कचेरीच्या कंपाउंडला लागून टेबल टाकून बसणारे टायपिस्ट. वय तेव्हा सत्तरीच्या जवळ. टेबलावर दोन मशिनी, एक मराठी, एक इंग्रजी. दोन्हींवर मिळून ताडपत्रीचा एकच तुकडा, त्यामुळे पावसात कोणती झाकायची हे त्यांना दरवेळी ठरवावं लागे. ते मराठीच झाकत. इंग्रजीचं गिऱ्हाईक संपलं होतं. त्यांनी मला टायपिंग शिकवलं, राहायला खोली पाहून दिली, आणि एका सोमवारी माझ्यासोबत येऊन एका साहेबांच्या खोलीत बसले. पहिल्या दोन गोष्टींसाठी मी त्यांचे आभार मानलेले आहेत. तिसरीसाठी मानायचे राहून गेले.

माझं गाव धारणीच्या पुढे, मेळघाटात. घरी कोरकू बोलतात. आठवीपर्यंत आश्रमशाळेत होते. नववीला धारणीला जायचं होतं. सकाळची जीप धारणीला जायची, पण ती संध्याकाळी परत येईलच असा नेम नव्हता. तेव्हा शाळा मी सोडली असं काही म्हणता येत नाही. अमरावतीला आले ती एका घरी स्वयंपाकाला. ते घर पुण्याला गेलं, मला घेऊन गेलं नाही. मग चाचांच्या टेबलामागच्या झेरॉक्सच्या दुकानात लागले. मालक वलगावचा, घरची शेती, आवाज मोठा, मनानं बरा. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, "हे पाय, मले हुशारी नको. मले स्पीड पाहिजे."

दुकानातल्या कॉम्प्युटरवर अर्जांचे नमुने होते. उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, रेशन कार्डातून नाव कमी करणे, नाव वाढवणे, आणि एका फोल्डरचं नाव 'अ‍ॅट्रॉसिटी'. मला बरेच दिवस वाटायचं, अ‍ॅट्रॉसिटी हे एखाद्या कचेरीचं नाव आहे, तहसीलसारखं. कारण लोक तसंच बोलत. "त्याची अ‍ॅट्रॉसिटी कुठवर आली?" "वरच्या मजल्यावर अडकली." एकदा पांढऱ्या कपड्यातला एक जण झेरॉक्स काढताना मालकाला सांगत होता, "त्यानं माह्यावर अ‍ॅट्रॉसिटी केली ना." मी त्या गृहस्थाकडे पाहून हळहळले. नंतर कळलं की याच्या हातून मार खाल्लेल्या माणसानं याच्यावर केस केली होती.

चाचांना विचारलं तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून वही काढली. त्या वहीबद्दल सांगायला पाहिजे. लांबट, रजिस्टरच्या आकाराची, पेन्सिलीनं लिहिलेली. चाचांना इंग्रजी शब्दांचा नाद. शब्द, त्याचा मराठी अर्थ, आणि खाली तो शब्द पुस्तकांत कुठे कसा वापरलेला सापडला ते. पुस्तकं रद्दीतून किलोवर आणलेली, पुष्कळांना कव्हर नसायचं, त्यामुळे कोणाचं पुस्तक ते त्यांनाही माहीत नसे.

"बैठ," ते म्हणाले, आणि पान काढलं.

अर्थ लिहिला होता: घोर क्रूर कृत्य. खाली पहिला उपयोग लढाईच्या इतिहासातला. कुठल्याशा फौजेनं गावं जाळली, त्याला लेखकानं हा शब्द वापरला होता, अनेकवचनी. दुसरा उपयोग एका कादंबरीतला. तिच्यात एक श्रीमंत म्हातारी भाचीची नवी टोपी पाहते आणि टोपीला हाच शब्द वापरते.

"टोपीले?" मी म्हटलं.

"टोपीले. इमारतीले पण वापरतात. गोऱ्यांकडे चालते."

"मग गाव जाळलं तरी तोच आणि टोपी वाईट शिवली तरी तोच?"

"शब्दाले पगार नसते बेटा. सांगाल ते काम करते." मग चष्मा पुसत म्हणाले, "फक्त एक आहे. इंग्रजीत ज्यानं केलं, त्याच्या नावावर हा शब्द चढते. आपल्या इकडे ज्यानं जाऊन सांगितलं, त्याच्या नावावर चढला. त्यानं अ‍ॅट्रॉसिटी केली म्हणतात. हे मी अजून वहीत लिहिलं नाही. कसं लिहावं समजून नाही राहिलं."

त्यांनी आणखी एक दाखवलं. पानाच्या तळाशी 'स्वतःवर झालेले' असं लिहून पुढे जागा कोरी सोडली होती. ज्याच्यावर ते घडलं, त्यानं स्वतःबद्दल हा शब्द वापरलाय असं वाक्य त्यांना एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं. हा शब्द मागून येणारेच वापरतात, म्हणाले. इतिहास लिहिणारा, वकील, पेपरवाला. "तुमच्यात काय म्हणतात याले?" त्यांनी विचारलं. मी पुष्कळ आठवलं. आमच्या घरी जे झालं तेच सांगतात, त्याला वेगळं नाव देताना मी कोणाला ऐकलं नव्हतं. चाचांनी मान हलवली आणि वही ठेवून दिली.

मावशी आल्या त्या पोळ्याच्या आधी. पन्नाशीच्या पुढच्या, मजुरी करणाऱ्या, अमरावतीपासून तासाभरावरच्या एका गावातून आलेल्या. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सुजून काळं पडलेलं. गावाजवळच्या ठाण्यात नुसती नोंद घेऊन त्यांना परत पाठवलं होतं, म्हणून कोणीतरी सांगितलं की जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांकडे अर्ज द्या. त्यांची परतीची गाडी साडेचारची होती. मालकानं मला खूण केली आणि फोल्डरचं नाव डोळ्यांनीच सांगितलं.

"काय झालं मावशी? पहिल्यापासून सांगा."

"काय होते? गहू सांडले."

"कसे सांडले?"

"सांडले नाही वो, सांडवले. लाथ मारून. चक्कीवर."

मग सांगत गेल्या. गावात चक्की एकच. चक्कीचा नियम कोणालाही माहीत असतो: गहू आधी दळायचे, ज्वारी नंतर. ज्वारीवर गहू दळले तर ज्वारीचं पीठ गव्हात येतं आणि पोळी बिघडते. म्हणून सकाळी गव्हाचे डबे रांगेत लागतात, ते झाले की ज्वारीचे. पण मावशींचे गहू कायम सगळ्यांत शेवटी, ज्वारीच्याही मागे. वर्षानुवर्षं त्यांच्या घरी पोळीला ज्वारीची चव. त्या दिवशी जावई पहिल्यांदा जेवायला यायचे होते. मावशींनी गहू निवडून, डबा भरून, गव्हाच्या रांगेत लावला. तिथं बसलेल्या एकानं विचारलं, हा डबा कोणाचा. मग म्हणाला, तुमचं आमच्या गव्हात नको, ज्वारी झाल्यावर लाव. मावशी म्हणाल्या, बाबू, गहू गव्हातच लागते ना. तेव्हा त्यानं डब्याला लाथ मारली. पुढे जे बोलला ते जातीवरचं होतं, ते जबाबात आहे, मी इथं लिहीत नाही. मावशी खाली बसून गहू वेचायला लागल्या तर त्यानं हातावर बूट ठेवला.

"निवडलेले होते वो," त्या परत म्हणाल्या. "एक खडा नोता त्याच्यात."

मी नमुना उघडला. त्यात वजनदार मजकूर तयार होता. 'अनन्वित अत्याचार', 'अमानुष मारहाण', 'मानहानी'. नाव, गाव, तारीख बदलायची. मधे काय झालं त्याचा एक परिच्छेद घालायचा. मी तो लिहिला. लाथ लिहिली, शिवी लिहिली, बोट लिहिलं. गहू आणि ज्वारीचं मी लिहिलं नाही. खरं सांगते, मला ते बारीक वाटलं. एवढ्या मोठ्या शब्दांच्या मधे चक्कीवरची रांग कशाला. साहेब म्हणतील, हे काय लिहिलं. मी आठवी शिकलेली, साहेब काय म्हणतील याचा मी पुष्कळ विचार करते.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी 'अत्याचार' शब्दावर थांबल्या. "हे काहून लिवलं? पेपरात येते तसं वाटते. माह्या जावयाले काय वाटंल?" मी म्हटलं, असंच लिहितात मावशी, हा नमुना आहे. पहिलं पान वाचलं तेवढ्यात मालक ओरडला, "लाइट जाऊन राहिली, प्रिंट मार!" मी प्रिंट मारली. दुसरं पान वाचलं नाही. मावशींनी अंगठा दिला आणि गाडी पकडली.

आठ दिवसांनी परत आल्या. या खेपेला बाकावर बसल्या नाहीत, काउंटरशी उभ्याच राहिल्या.

"पोरी, मले साहेबानं बोलावलं होतं. म्हणे तुमचे दोन बैल कुठं हायेत?"

"कुठले बैल?" मी विचारलं.

"मी म्हटलं, साहेब, माह्या दारात बकरी नाही, बैल कुठचे? तर म्हणे, मंग हा अर्ज खोटा हाय का? सोमवारी या म्हणे."

मी फाइल उघडली. दुसऱ्या पानावर, सगळ्यांत वर, आधीच्या अर्जदाराची दोन वाक्यं तशीच राहिली होती. 'सदर इसमाने माझ्या गोठ्यातील दोन बैल सोडून हाकलून दिले. सदर बैल अद्याप मिळून आलेले नाहीत.' दर्यापूरकडचा शेतकरी होता तो. त्याचं दुःख मी मावशींच्या अंगठ्याच्या वर छापून दिलं होतं.

गावात ते पोचलं होतं. ज्याच्यावर अर्ज होता त्याच्या घरचे लोक मावशींना वाटेत धरून विचारत होते, "काय वो बाई, बैल भेटले का?" पोळ्याच्या दिवशी तर कोणीतरी त्यांच्या दारात गोंडे आणि झूल आणून ठेवली. "सजवा म्हणे, तुमची जोडी येईन आता." पोरंटोरं हसली. लाथ खरी, बोट खरं, ते सगळं त्या दोन बैलांच्या मागे गेलं होतं. साहेबांनी अर्ज खोटा धरला की संपलं. मावशींना पुन्हा कोणी विचारणार नव्हतं, आणि चक्कीवर त्यांचा डबा कुठे लागेल हे सांगायला नको.

मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी कागद उलगडला. नातीनं त्यांना तो दोन्ही पानं वाचून दाखवला होता.

"बैल आले कुठून ते राहू दे. माहे गहू कुठं गेले याच्यातून?"

त्या गेल्यावर मालकानं मला मागे बोलावलं. "दुकानाचं नाव नको येऊ देऊ. बाईले वाचता येत नाही, अंगठा हाय. म्हणजो का तिनंच सांगतलं, आमी लिवलं. झालं."

खरंच एवढंच म्हणायचं होतं. मी तसं म्हटलं असतं तर कोणाला पटलं नसतं असं नाही. ती रात्र मी खोलीवर हिशेब करत बसले की खोटा कागद केल्याबद्दल किती वर्षं होतात, नोकरी गेली तर खोलीचं काय, आणि गावी परत जायचं तर धारणीहून संध्याकाळची जीप मिळेल का. गॅस बंद आहे का हे चार वेळा पाहिलं. गॅस मी त्या दिवशी लावलाच नव्हता.

सकाळी चाचांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी सगळं आधीच ऐकलं होतं. मालकाचा आवाज तसाच आहे.

"चाचा, तुम्ही सांगा ना साहेबांना. तुमचं ऐकतील."

"टाइप कोणी केलं?"

"मी."

"तो फिर?" त्यांनी मशीनमध्ये कोरा कागद चढवला. "मी येतो सोबत. बोलणार तू."

"मले बोलता नाही येत साहेबांसमोर."

"मलाही नाही येत. म्हणून तर टायपिंगमध्ये आलो."

त्या कागदावर माझ्याकडून त्यांनी चार ओळी टाइप करून घेतल्या: की बैलांची दोन वाक्यं माझ्या चुकीनं दुसऱ्याच्या अर्जातून राहिली, अर्जदार बाईंना ती वाचून दाखवली नव्हती, आणि त्यांनी सांगितलेली गव्हाची हकीकत मी गाळली. चौथ्या ओळीत मी 'अनवधानाने' लिहिलं होतं. चाचांनी ते खोडायला लावलं. "घाई होती, ते लिव. अनवधान साहेबलोक करतात."

सोमवारी आम्ही तिघं गेलो. साहेब पन्नाशीचे, कपाळावर आठी. शेजारी जबाब लिहून घेणारा एक तरुण शिपाई, बोलण्यावरून कोकणाकडचा.

"तुम्ही कोण?" साहेबांनी चाचांना विचारलं.

"टायपिस्ट, साहेब. ही पण टायपिस्ट आहे. ही बोलेल. मी बसायला आलो."

साहेबांनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग माझ्याकडे. मी कागद पुढे केला आणि कागदात होतं तेच परत तोंडानं सांगितलं, कारण दुसरं काही सुचेना. चाचा छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"म्हणजे बैल दुसऱ्याचे."

"हो साहेब. दर्यापूरकडल्या एका अर्जदाराचे."

"सापडले का ते?"

"माहीत नाही साहेब."

"हं." त्यांनी कागद फाइलला लावला आणि बजावलं की पुन्हा असं झालं तर मलाच आत बसवीन. मी हो म्हटलं. मग मावशींकडे वळले. "आता तुम्ही सांगा. अत्याचार काय झाला?"

त्या शब्दावर मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, संपलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, "बाई, झालं काय?"

"गहू सांडवले," मावशी म्हणाल्या, आणि तिथून सुरू झाल्या. डबा कुठं लावला, मागे कोणाचा होता, पुढे कोणाचा होता. शिपाई लिहीत होता. ज्वारीचं आलं तेव्हा साहेबांनी हात वर केला.

"थांबा. तुमचे गहू ज्वारीच्या मागं लावत होते?"

"मंग काय. जलमभर."

"ज्वारीवर गहू कोण दळते?"

"कोणीच नाही दळत, साहेब. आमचेच."

शिपायानं पेन थांबवलं. "साहेब, त्यानं काय फरक पडतो? हे घेऊ का?"

"पोळी खातोस का तू?"

"भात खातो साहेब."

"मग लिही. शब्द न् शब्द लिही. कोणाच्या डब्यामागे कोणाचा डबा, नावं लिही." साहेबांच्या कपाळावरची आठी गेली नाही, पण खुर्ची पुढे आली. रांगेत डबे लावणाऱ्या दोघी बायकांची नावं मावशींना पाठ होती. त्या बायका बोलतील का, साहेबांनी विचारलं. "त्यायलेच इचारा," मावशी म्हणाल्या. "चव तं त्यायलेही माहीत हाय."

त्यातली एक बोलली. गुन्हा नोंदवला गेला. केस अजून चालू आहे, मावशी तारखेला येतात, कधी तारीख होते, कधी पुढची मिळते. त्या दिवशी खोलीतून बाहेर पडल्यावर त्यांनी मला काही बोल लावला नाही. पदरातून गुळाची पोळी काढून आम्हा दोघांना अर्धी-अर्धी दिली. चाचांनी एक घास खाल्ला आणि थांबले.

"ज्वारी आहे याच्यात."

"मंग?" मावशी म्हणाल्या. "तुमाले वाटलं का म्या खोटं सांगतलं?"

मालक माझ्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "आता कोऱ्या पानावर करत जाय. पण लवकर कर." तो फोल्डर मी पुसून टाकला. आता कोणी तसा अर्ज घेऊन आलं की मी आधी ऐकते, मग दोन्ही पानं वाचून दाखवते, आणि लाइट गेली तर मेणबत्तीवर वाचते. गिऱ्हाईक कंटाळतं. मोठा शब्द लागतोच, कायद्याला तो हवा असतो, तो मी एकदा घालते. बाकी जागा ज्याची त्याला ठेवते.

त्याच आठवड्यात चाचांनी वही काढली होती. त्या पानाच्या तळाशी, कोऱ्या सोडलेल्या जागेत, त्यांनी पेन्सिलीनं मराठीतच लिहिलं: 'गहू सांडवले.' आणि पुढे, कुठे सापडलं त्या रकान्यात: 'एक बाई, साहेबांच्या खोलीत, सोमवार.' मला विचारलं, बरोबर आहे का. मी म्हटलं, बरोबर आहे. टोपीच्या बरोबर दोन ओळी खाली आलं ते.

आता चाचा अकोल्याला मुलीकडे असतात. मशिनी विकल्या, ताडपत्री तेवढी बांधून नेली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण बारीक दिसत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी मी एस.टी.नं जाते. मूर्तिजापूरला गाडी थांबली की गाडीवरची पाटी पुन्हा वाचून घेते, अकोल्याचीच आहे ना म्हणून. गेल्या खेपेला त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वाचून दाखव. पेन्सिल पुसत चालली आहे. काही पानांवर शब्द राहिला आहे आणि अर्थ गेला आहे, काहींवर उलटं. मी अंदाजानं वाचायला लागले तर त्यांनी लगेच अडवलं. "नाही दिसत तर नाही दिसत म्हण."

वही मी अमरावतीला आणली नाही. प्रवासात हरवली तर, या भीतीनं. पण मी ठरवलंय चाचा, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून इथं लिहिते: दर रविवारी येईन, तुमच्या शेजारी बसेन, आणि ती सगळी वही टाइप करून देईन. कोऱ्या पानापासून. जे दिसत नाही ते तुम्हाला विचारून, तुम्हालाही आठवलं नाही तर जागा तशीच सोडून. प्रत्येक पान प्रिंट मारायच्या आधी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवीन, दुसरं पानसुद्धा.